जुना कॉम्पॅक्ट फिल्म कॅमेरा: कोल्हापुरात कसा शोधावा, पारखावा आणि वापरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला खिशात मावेल असा जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा असून सात-आठ हजार रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ऑलिंपस ट्रिप ३५ आणि नव्वदच्या दशकातला एक ऑटोफोकस कॅमेरा असे दोन पर्याय आहेत. शिवाय घरात मामांचा यशिका एमएफ-२ पडून आहे आणि त्याच्या आत बहुधा अर्धा रोल तसाच राहिला आहे. यांपैकी कोणता वापरावा, घेताना काय पाहावे आणि रोल कोठे धुऊन घ्यावा, असे विचारले आहे.

मी लक्ष्मीपुरीत सुमारे तीस वर्षे कॅमेरा दुरुस्तीचे काम केले आणि त्यातली शेवटची दहा वर्षे बहुतांशी जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवरच गेली. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो. जुना कॅमेरा नावावरून किंवा लेन्सच्या कीर्तीवरून निवडू नये. तो आपल्या गावात चालता ठेवता येईल का, एवढ्या एकाच कसोटीवर निवडावा. या कसोटीवर तुमच्या दोन पर्यायांपैकी ट्रिप ३५ घ्यावा, मात्र तो पुढे सांगितलेल्या परीक्षेत उतरला तरच.

ट्रिप ३५ हा ऑलिंपसने १९६७ ते १९८४ या काळात बनवलेला कॅमेरा आहे आणि तो लाखोंच्या संख्येने खपला, म्हणूनच आजही तो आणि त्याचे सुटे भाग मिळतात. त्याला सेल लागत नाही. लेन्सभोवती मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसणारी जी काचेची कडी आहे, तिच्यामागे सेलेनियमचा पट्टा असतो. त्यावर पडलेल्या उजेडातूनच अत्यल्प वीज तयार होते आणि तीच मीटरची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राची, सुई हलवते. शटरचे वेग फक्त दोन आहेत, १/४० आणि १/२०० सेकंद, आणि कॅमेरा उजेड पाहून त्यांपैकी एक वेग व त्याला साजेसे लेन्समधले उजेडाचे छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर स्वतः निवडतो. लेन्स ४० मिलिमीटर, एफ/२.८ ची आहे; एफपुढचा आकडा जितका मोठा तितके हे छिद्र लहान. उजेड अपुरा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि खटका दाबला जात नाही, त्यामुळे नवख्या माणसाचा रोल वाया जाण्याचे एक मोठे कारण आपोआप टळते. आतली यंत्रणा पूर्णपणे यांत्रिक असल्याने बारीक स्क्रू-ड्रायव्हर, संयम आणि थोडे स्पिरिट एवढ्यावर तिचे बहुतेक आजार बरे होतात.

ऑटोफोकस कॅमेऱ्यांची गोष्ट निराळी आहे. १९९१ चा ऑलिंपस म्यू किंवा १९९७ चा म्यू-२ यांची लेन्स उत्तम आहे यात वाद नाही, परंतु त्यांचे सर्व काम सर्किट, छोट्या मोटारी आणि कागदासारख्या पातळ लवचिक तारांच्या पट्ट्यांवर चालते. ती पट्टी एकदा तुटली की कॅमेरा म्हणजे कागद दाबून ठेवायचे वजन! माझ्याकडे असे कॅमेरे आले तेव्हा दहापैकी सात-आठ वेळा मला हात जोडून ते परत द्यावे लागले. ऑटोफोकसच हवा असेल तर १९८३ चा निकॉन एल३५एएफ पाहावा, कारण तो साध्या दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि अंगाने दणकट आहे. फ्लॅश असलेला कोणताही कॅमेरा घरी स्क्रू काढून खोलू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यानंतरही सुमारे तीनशे व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो आणि तो झटका मी स्वतः दोनदा खाल्ला आहे.

आता शोधण्याविषयी. ऑनलाइन विक्रेत्याकडे जाण्याआधी नातेवाइकांची कपाटे आणि माळे पाहावेत. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात लग्न, सहल, ज्योतिबाची यात्रा यांसाठी घेतलेले कॅमेरे अजून पुष्कळ घरांत आहेत आणि ते बहुधा फारसे वापरलेलेही नसतात. त्यानंतर बंद पडलेले किंवा डिजिटलकडे वळलेले जुने फोटो स्टुडिओ. महाद्वार रोड आणि भाऊसिंगजी रोडच्या परिसरातील जुन्या स्टुडिओवाल्यांना जाऊन भेटावे, चहा घ्यावा आणि घाई न करता विचारावे. पहिल्या भेटीत कपाट उघडत नाही, दुसऱ्या भेटीत उघडते. ही माणसे कॅमेऱ्याचा इतिहास खरा सांगतात, आणि माझ्या लेखी त्याची किंमत हजार-पाचशे रुपयांच्या सवलतीहून अधिक आहे.

कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजी या पट्ट्यातला कॅमेरा घेताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने तपासावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात अनेक घरांत व दुकानांत दिवसेंदिवस पाणी होते आणि त्या पाण्यात राहिलेली उपकरणे पुसून-पासून नंतर बाजारात आली. बाहेरून असा कॅमेरा लखलखीत दिसतो, पण स्क्रूंच्या खाचांत, रिवाइंडच्या दांडीखाली आणि मागच्या झाकणाच्या बिजागरीत मातकट गाळाची बारीक रेघ राहते. ती दिसली की पुढे एक शब्दही न बोलता कॅमेरा परत द्यावा, कारण शटरच्या पात्यांमध्ये गेलेला गाळ निघत नाही.

ट्रिप ३५ प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणे सर्वांत चांगले; तसे शक्य नसेल तर विक्रेत्याकडून पुढील गोष्टींची चित्रफीत मागावी, आणि तो टाळाटाळ करू लागला तर व्यवहार सोडून द्यावा. प्रथम अ‍ॅपर्चरची कडी ‘ए’ या अक्षरावर आणावी, रोल पुढे नेण्याचे चाक फिरवून शटर चढवावे आणि कॅमेरा भर उजेडाकडे धरून खटका दाबावा. शटर पडले पाहिजे. पुन्हा चढवून लेन्सची संपूर्ण कडी तळहाताने झाकावी आणि खटका दाबावा. आता लाल पट्टी वर येऊन खटका अडला पाहिजे. उजेडातही लाल पट्टी येत असेल तर सेलेनियम संपले आहे, आणि अंधारातही शटर पडत असेल तर सुई किंवा तिची जोडणी अडकली आहे. ज्या कॅमेऱ्याला वर्षानुवर्षे लेन्सवर झाकण होते किंवा जो पेटीत बंद होता, त्याचे सेलेनियम बहुधा शाबूत असते; काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेल्या कॅमेऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही.

सेलेनियम संपलेला कॅमेरा अगदीच टाकाऊ असतो असे मात्र नाही. कडी ‘ए’ वरून काढून एखाद्या आकड्यावर ठेवली की शटर १/४० वर चालते आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवलेले राहते. १०० आयएसओचा रोल असेल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) तर भर उन्हात एफ/२२ आणि हलक्या ढगात एफ/११ एवढ्यावर दिवसाउजेडी चांगली निगेटिव्ह मिळते, फक्त हात स्थिर हवा. असा कॅमेरा पाचशे-सातशेत मिळाला तर शिकण्यासाठी जरूर घ्यावा, चालू कॅमेऱ्याच्या भावात मात्र कदापि घेऊ नये.

यानंतर मागचे झाकण उघडावे. झाकणाच्या कडेच्या खाचांत आणि बिजागरीपाशी काळा फोम असतो. चाळीस-पन्नास वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि तिथून उजेड आत शिरून फोटोवर नारिंगी पट्टे उमटतात. हा दोष जवळजवळ प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यात सापडतो आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही. लाकडी काडी व आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जुना फोम खरवडून काढावा आणि खाचेत काळी लोकर किंवा पातळ काळे फेल्ट बसवावे. दीड तासाचे काम आहे. शटरची पाती तेलकट दिसली तर मात्र सावध व्हावे, कारण तेलाने पाती एकमेकांना चिकटतात आणि शटर मंद पडते. पाती पाहण्यासाठी कॅमेरा खिडकीकडे धरून मागून पाहत खटका दाबावा. उजेडाचे वर्तुळ क्षणभर दिसून नाहीसे झाले पाहिजे, रेंगाळता कामा नये.

लेन्सची बुरशी हा आपल्या हवेतला खरा शत्रू आहे. मोबाइलचा टॉर्च लावून तिरक्या कोनातून लेन्समध्ये पाहिले की बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा झाडाच्या मुळांसारखी पसरलेली दिसते. पुढच्या काचेच्या कडेला दोन-चार तंतू असतील तर ते साफ होतात आणि फोटोत दिसतही नाहीत. मधल्या काचांवर जाळे धरले असेल, किंवा साफ करूनही काचेवर खरवडल्यासारखी नक्षी उरली असेल, तर बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला आहे असे समजावे. धुळीच्या चार कणांवरून मात्र कोणी भाव पाडून मागू नये. धूळ कोणत्या लेन्समध्ये नसते?

ट्रिप ३५ न मिळता दुसरा एखादा जुना कॅमेरा समोर आला, तर सेलचा प्रश्न उभा राहतो. १९७२ चा कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ किंवा रोलाई ३५ यांना पीएक्स६२५ नावाचा १.३५ व्होल्टचा पारायुक्त सेल लागत असे. पारा विषारी असल्याने तो सेल आता बनत नाही. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो आणि वापरता वापरता त्याचा दाब उतरत जातो, त्यामुळे मीटर आधी एक आणि नंतर दुसरेच सांगते. यावर उपाय कानाच्या यंत्राच्या दुकानात आहे. तिथे मिळणारा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत तो दाब टिकवतो. त्यावरचा कागदी टिकला काढला की आत हवा जाते आणि तो जागा होतो. मग तो वापरला काय किंवा न वापरला काय, काही आठवड्यांत संपतोच. त्याचा व्यास मूळ सेलपेक्षा चार-एक मिलिमीटरने लहान असल्याने भोवती पितळी कडी बसवावी लागते. ती परदेशातून मागवण्याची काहीच गरज नाही. उद्यमनगरात कोणत्याही लेथवाल्याला जुना सेल नमुना म्हणून दाखवला तर तो दहा मिनिटांत कडी कातून देतो. आणि ज्या गावात आनंदराव पेंटरांच्या निधनानंतर बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये चालता सिने-कॅमेरा घडवला, त्या गावात एका पितळी कडीसाठी अडून बसणे बरे दिसत नाही.

१९७९ च्या ऑलिंपस एक्सए ला मात्र हा त्रास नाही, त्याला साधे दोन एसआर४४ बटन सेल चालतात. खरोखर शर्टाच्या खिशात मावणारा आणि तरीही रेंजफाइंडरने, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेने, नेमका फोकस देणारा असा तो एकच कॅमेरा मला मनापासून आवडतो. तो तुमच्या खर्चात क्वचितच बसेल, शिवाय आत सर्किटही आहे. तरी एखाद्या काकांच्या कपाटात निघाला तर सोडू नका.

वापरण्याविषयी सांगायचे तर रोलची निवड ऋतूनुसार करावी. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडे ऊन इतके प्रखर असते की ४०० आयएसओच्या रोलवर ट्रिप ३५ ला १/२०० आणि एफ/२२ पर्यंत जावे लागते, आणि इतक्या बारीक छिद्रातून चित्राची धार थोडी मऊ होते. तेव्हा या दिवसांत २०० चा रंगीत रोल घालावा. जूननंतर ढगाळ उजेडात, पन्हाळ्याच्या धुक्यात किंवा जुन्या पेठांच्या गल्ल्यांत ४०० चाच रोल हवा. रंकाळ्यावर सूर्यास्तानंतर ४०० चा रोल असूनही साधारण पंधरा-वीस मिनिटांत लाल पट्टी दिसू लागते. तेव्हा भांडण न करता कॅमेरा खिशात ठेवावा.

ट्रिपवर फोकस अंदाजाने लावावा लागतो. लेन्सच्या कडीवर चार चित्रे आहेत: एक माणूस म्हणजे सुमारे एक मीटर, दोन माणसे म्हणजे दीड मीटर, घोळका म्हणजे तीन मीटर आणि डोंगर म्हणजे अनंत अंतर. नवीन माणसाचा निम्मा रोल येथेच बिघडतो, कारण तो ही कडी फिरवायलाच विसरतो. भर उन्हात, २०० च्या रोलवर, अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या आसपास असते. अशा वेळी कडी घोळक्यावर ठेवली तर साधारण दीड-पावणेदोन मीटरपासून तीस मीटरपर्यंत सारे स्पष्ट येते आणि कडीला हात लावावा लागत नाही. ढगाळ हवेत एफ/८ असेल तर हीच मर्यादा दोन मीटर ते साडेपाच मीटर एवढी आखडते, आणि सावलीत एफ/२.८ वर एक मीटरवरचा चेहरा टिपताना मात्र अंतर खरोखर मोजावे लागते. मी शिकवताना मुलांना आधी स्वतःचे पसरलेले दोन हात मोजायला लावतो. बहुतेकांचे ते अंतर स्वतःच्या उंचीएवढे, म्हणजे दीड-पावणेदोन मीटर भरते आणि ‘दोन माणसे’ या चित्राचा अर्थ कायमचा लक्षात राहतो.

रोल भरताना एक सवय लावून घ्यावी. झाकण बंद केल्यावर रिवाइंडची दांडी हलकेच उलटी फिरवून रोलचा ढिलेपणा काढावा आणि मग रोल पुढे नेताना ती दांडी स्वतः फिरते का ते पाहावे. ती फिरत नसेल तर फिल्म दात्यांवर चढलेलीच नाही आणि तुम्ही छत्तीस फोटो हवेत काढणार आहात. माझ्या एका भाच्याच्या मुंजीचे असे छत्तीस फोटो मी काढले होते, आणि घरात अजून त्याचा उल्लेख होतो. दुसरी चूक म्हणजे ‘ए’ वरची कडी पिशवीत घासून सरकणे. मग सारे फोटो १/४० वर निघतात आणि हललेले येतात. कॅमेरा बाहेर काढला की आधी त्या कडीकडे पाहावे. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत जुना कॅमेरा उघडा नेऊ नये, कारण गुलालाची पूड लेन्सच्या सरकत्या भागात गेली की फोकसची कडी कुरकुरू लागते आणि ती कुरकुर कॅमेरा पूर्ण खोलल्याशिवाय जात नाही. न्यायचाच असेल तर पारदर्शक पिशवीत घालून पुढच्या काचेपुरते भोक पाडावे आणि रोल मात्र खाली उतरल्यावरच बदलावा.

रोल धुण्याविषयी स्पष्ट सांगतो. रंगीत रोलची रासायनिक प्रक्रिया ३७.८ अंश सेल्सिअसला होते, डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, सव्वातीन मिनिटे, आणि अर्ध्या अंशाचा फरकही रंगांत दिसतो. ज्या ठिकाणी महिन्याला दोन-चारच रोल येतात तिथले रसायन जुने होते, म्हणून मी स्वतः रंगीत रोल साठवून एकदम कुरिअरने पुण्याला किंवा मुंबईला, जिथे रोज काम चालते अशा ठिकाणी पाठवतो. निगेटिव्ह परत मागवाव्यात, निव्वळ स्कॅनवर समाधान मानू नये. कृष्णधवल रोल मात्र घरी धुवावा. त्यासाठी डार्करूम लागत नाही. रोल टाकीत भरण्यापुरता अंधार गोधडीखालीही होतो. पाणी मात्र तापमापीने मोजावे. वेळेचे तक्ते २० अंशांचे असतात आणि आपल्या नळाचे पाणी एप्रिलमध्ये त्याहून कितीतरी गरम असते. डी-७६ सारख्या डेव्हलपरला २० अंशांवर दहा मिनिटे लागत असतील तर २४ अंशांवर सात पुरतात; त्याहून गरम पाण्यात वेळ इतका आखडतो की रोल एकसारखा धुतला जात नाही, म्हणून डबा बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवावे.

कॅमेरा ठेवताना त्याच्या चामडी पेटीत ठेवू नये. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि बुरशीला आयते घर मिळते. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलचे निळे खडे कापडी पुरचुंडीत ठेवावेत. ते गुलाबी पडले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करावेत, मात्र स्वयंपाकाचा तवा त्यासाठी वापरू नये, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून रिकामे शटर पाच-दहा वेळा चालवावे.

राहिला मामांचा यशिका. या कॅमेऱ्याचा फोकस कायमचा बसवलेला आहे आणि त्याला दोन पेन्सिल सेल लागतात. सेलच्या खोबणीत पांढरी भुकटी साचली असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन ती पुसावी आणि जागा कोरडी करावी. ट्रिप घेण्यापूर्वी यावरच एक रोल काढून पाहा, पैसे वाचतील आणि हौस किती टिकते तेही कळेल. आतल्या रोलसाठी झाकण उघडू नका. रिवाइंडची दांडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहा. थोड्याच वेळात ती अडली तर फिल्म आत आहे. मग तळाचे बटण दाबून, सावकाश, अडथळा सुटून दांडी एकदम हलकी होईपर्यंत फिरवा आणि त्यानंतरच झाकण उघडा. इतक्या वर्षांत रंगांचे थर उतरलेले असतात, म्हणून धुणाऱ्याला हा रोल जुना असल्याचे सांगून कृष्णधवल प्रक्रियेत धुण्याविषयी विचारा. रंग जातील, पण आकृती वाचण्याची शक्यता वाढते. रोल पाठवण्यापूर्वी मामांना एकदा विचारून घ्या, त्यांना कदाचित तो कोणत्या सहलीचा आहे हे आठवत असेल.